विमानाच्या पोटातलं मांजर

घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या उतारावर आमची शाळा आहे. पूर्वेकडून येणारी विमानं उतरण्याआधी आमच्या वर्गावरून इतकी खालून जातात की मुलं त्यांची चाकं मोजतात. विमान आलं की मी वाक्य अर्ध्यावर थांबवते. आवाज ओसरला की उरलेलं क्रियापद येतं. वीस वर्षांत ही सवय इतकी अंगात मुरली आहे की सुट्टीत गावी गेल्यावरही मी बोलता बोलता उगाच थांबते, असं माझे मिस्टर म्हणतात.

मार्च महिन्यात असंच एक विमान डोक्यावरून गेलं आणि सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. धड्यातली शंका असेल असं वाटलं.

"मॅडम, विमानाच्या पोटात मांजराला श्वास घेता येतो का?"

वर्ग हसला. ती मात्र हसली नाही, म्हणून मीही हसू आवरलं.

मधल्या सुट्टीत सगळी हकिगत कळली. तिचे अब्बू बारा वर्षं दुबईत आहेत, एसी दुरुस्तीच्या कामावर. यंदा कुटुंबाचा व्हिसा होत होता. वार्षिक परीक्षा संपली की आई, ती आणि धाकटा भाऊ असे तिघे निघणार. सामानाची यादी झाली होती, फ्रिज कोणाला द्यायचा तेही ठरलं होतं. ठरत नव्हतं ते मखमलचं. मखमल म्हणजे त्यांची तीन वर्षांची पांढरी पर्शियन मांजर. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर तोच विषय निघायचा. अब्बूंचं म्हणणं, बिल्डिंगमध्ये सोडून द्या, खाली मच्छीवाली बसते, उपाशी मरणार नाही. मुलीचं म्हणणं, ती आमच्याबरोबर येईल, नाहीतर मीही येणार नाही. आई दोघांच्या मध्ये.

मला उत्तर येत नव्हतं. "उद्या सांगते," म्हणाले. शिक्षिकेने दिलेला 'उद्या' मुलं विसरत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण उत्तर शोधायला मला घरचंही एक कारण होतं.

काही वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण मुलुंडहून दिल्लीला राहायला गेली. मेहुण्यांची बदली झाली होती. त्यांच्याकडे बिल्लू नावाचा पिवळ्या पट्ट्यांचा बोका होता, मुलुंड स्टेशनजवळच्या गल्लीतून उचलून आणलेला. त्याला विमानाने न्यायचं ठरलं. क्रॉफर्ड मार्केटमधून एक गुलाबी पिंजरा आणला, दिसायला छान, दाराला प्लास्टिकचे खटके. तिकीट दुपारचं काढलं, कारण ते स्वस्त होतं. महिना मे. निघायच्या सकाळी शेजारच्या बाईंनी सल्ला दिला की अर्धी झोपेची गोळी द्या, म्हणजे बिचारा आरामात झोपून जाईल. बहिणीने दिली.

विमानाला उशीर झाला. बिल्लूचा पिंजरा मात्र आधीच पुढे गेला होता आणि सामानाच्या ट्रॉलीवर, उघड्यावर थांबला होता. किती वेळ, ते नीट कधीच कळलं नाही. दिल्लीला पिंजरा हाती आला तेव्हा एक खटका निघालेला होता, बिल्लूच्या पुढच्या पायाची दोन नखं तुटली होती, नाक सोललेलं होतं आणि तो तोंड उघडं ठेवून धापा टाकत होता. कुत्रा तोंडाने धापा टाकतो त्यात काही वावगं नाही. मांजर तसं करू लागलं तर ते संकटात आहे असं समजावं, हे त्या दिवशी तिथल्या डॉक्टरांकडून आम्हाला कळलं. दोन दिवस सलाइन लागलं. बिल्लू वाचला, आजही आहे, पण घरात सुटकेस निघाली की पलंगाखाली जातो आणि दिवसभर बाहेर येत नाही.

त्या विमान कंपनीचं नाव मी लिहीत नाही. उशीर तिचा होता, ट्रॉली तिची होती. पण दुपारची वेळ, प्लास्टिकचा खटका आणि ती गोळी, हे तिन्ही आमचं होतं. त्या वेळी आम्ही चार दिवस फक्त कंपनीलाच नावं ठेवत बसलो होतो.

असो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात उत्तर दिलं. हो, श्वास घेता येतो.

विमान पस्तीस हजार फुटांवर असतं तेव्हा बाहेर हवा अगदी विरळ आणि तापमान उणे पन्नास अंशांच्या आसपास असतं. म्हणून विमानात हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखावा लागतो. प्रवासी बसतात त्याच्या खालचा सामानाचा कप्पा या दाबाच्या बाहेर असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. आपल्या पायाखालची फरशी ही दाबाची भिंत नव्हे. वर आपल्याला जितका दाब मिळतो तितकाच खाली मिळतो, म्हणजे साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. त्याच्या थोडं वर गेल्यासारखं, इतकंच.

ऊब आणि खेळती हवा ही मात्र वेगळी गोष्ट आहे. काही विमानांत खालच्या एखाद्या कप्प्यालाच ती सोय असते, काहींत ती नसते. ज्या कप्प्यात सोय आहे त्यातच जनावर ठेवायचं असतं, आणि जनावर चढवलं आहे ही लेखी सूचना कप्तानाला द्यायची असते, म्हणजे त्या कप्प्याचं तापमान तो सांभाळतो. त्यामुळे तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न 'भाडं किती' हा नव्हे. 'या विमानात जनावरासाठी उबदार, हवेशीर कप्पा आहे का' हा.

मग मांजरं-कुत्री दगावतात कुठे? बहुतेकदा जमिनीवर. पिंजरा ताब्यात दिल्यापासून कप्प्याचं दार बंद होईपर्यंत, आणि उतरल्यावर दार उघडल्यापासून पिंजरा हाती येईपर्यंत. काँक्रीटच्या तळावर उन्हाळ्यात सावली नसते. मुंबईत मे महिन्यात हवेत ३३-३४ अंश असतील, पण तापलेल्या काँक्रीटवर उभ्या ट्रॉलीत ऊन वरूनही लागतं आणि खालूनही, त्यात आपल्याकडची दमट हवा. जनावराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि दमट हवेत ती युक्तीही नीट चालत नाही.

ज्यांचं नाक चपटं आहे त्यांचे हाल सर्वांत जास्त. पग, बुलडॉग, पर्शियन आणि हिमालयन मांजरं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून त्यांचा चेहरा बाहुलीसारखा केला आणि आतली श्वासाची वाट अरुंद करून ठेवली. अमेरिकेत विमान कंपन्यांना जनावर मेलं, जखमी झालं किंवा हरवलं तर दरमहा परिवहन खात्याला कळवावं लागतं. मे २००५ पासूनच्या पाच वर्षांत तिथे १२२ कुत्रे विमान प्रवासात मेल्याची नोंद झाली. त्यांतले जवळजवळ निम्मे चपट्या नाकाचे होते. एकटे इंग्लिश बुलडॉग २५ आणि पग ११.

हे आकडे वाचून घाबरून जाऊ नये म्हणून दुसराही आकडा सांगते. २०१७ या वर्षात त्याच देशातल्या कंपन्यांनी पाच लाखांहून अधिक जनावरं नेली, त्यांतली २४ मेली. म्हणजे साधारण एकवीस हजारांत एक. धोका मोठा नाही, पण तो सगळ्यांना सारखाही नाही. गल्लीतल्या बिल्लूला डिसेंबरच्या रात्री जितका आहे, त्याच्या कितीतरी पट मखमलला जूनच्या दुपारी आहे.

"मग वर आपल्याजवळ घेऊन बसलं तर?" वर्गातला दुसरा प्रश्न. चांगला प्रश्न होता.

आपल्याकडे एअर इंडिया लहान कुत्र्या-मांजरांना प्रवाशासोबत केबिनमध्ये घेते. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय सुरू केली, तेव्हा मर्यादा ७ किलोंची होती. ही मर्यादा पिंजऱ्यासकट असते, हे लोक विसरतात. चार किलोंचं मांजर आणि साडेतीन किलोंचा पिंजरा म्हणजे साडेसात किलो झाले, आणि काउंटरवर अडायला तेवढं पुरतं. हे आकडे कंपन्या बदलत राहतात, तेव्हा आदल्या वर्षीच्या कोणाच्या अनुभवावर विसंबू नये. इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, फक्त अपंग प्रवाशाच्या मदतनीस कुत्र्याला मुभा आहे. एका विमानात केबिनमध्ये ठरावीकच प्राणी घेतात, म्हणून आपलं तिकीट आधी आणि मांजराचं नंतर असं करून चालत नाही.

केबिनमध्ये नेलं की काळजी मिटली असंही नाही. मार्च २०१८ मध्ये ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात एका कुटुंबाने दहा महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू पिशवीत घेतलं होतं, रीतसर पैसे भरून. पिशवी वाटेत येते म्हणून कर्मचाऱ्याने ती डोक्यावरच्या सामानाच्या खणात ठेवायला लावली. तीन तासांहून अधिक प्रवास. उतरताना खण उघडला तेव्हा पिल्लू मेलेलं होतं. तेही चपट्या नाकाचं, फ्रेंच बुलडॉग जातीचं. कंपनीने चूक कबूल केली. पण त्या विमानात शेकडो डोळे होते आणि पिल्लाचा आवाज काहींनी ऐकलाही होता, ही गोष्ट मला आजही सलते. गणवेशातल्या माणसाने सांगितलं की आपण ऐकतो. जनावर पायाशी, पुढच्या सीटखालीच राहील, एवढं नम्रपणे पण ठामपणे सांगण्याची तयारी ठेवूनच विमानात चढावं.

आणि हे आपल्या मुंबईचंच. १५ सप्टेंबर २०२१ ला मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात एका प्रवाशाने आपल्या माल्टीज कुत्र्यासाठी पुढची अख्खी बिझनेस क्लास आरक्षित केली. बारा जागा, एकेक तिकीट वीस हजारांच्या घरात, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास किंवा जास्तच. बातमी आली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये खूप हसणं झालं. कुत्र्याची ऐट, आमची नाशिकची एसटी, असलं काहीबाही. आता वाटतं, त्या माणसाला नक्की माहीत होतं की जनावराला शांतता, थंडावा आणि ओळखीचा माणूस लागतो. त्याने ते विकत घेतलं. ज्यांना विकत घेता येत नाही त्यांनी काय करायचं, एवढाच प्रश्न उरतो, आणि ज्या घराचा हिशेब दुबईतल्या एसीच्या दुरुस्तीवर चालतो तिथे तो रोज रात्री उरत होता.

मखमलच्या बाबतीत केबिनचा प्रश्न आपोआपच निकालात निघाला. दुबईला उतरणारं पाळीव जनावर मालाच्या नोंदीवर, म्हणजे कार्गो म्हणूनच यावं लागतं. त्याआधी मायक्रोचिप, रेबीजची लस, रक्ताची चाचणी आणि तिथल्या मंत्रालयाचा आयात परवाना. गंमत अशी की दुबईच्याच एमिरेट्स कंपनीच्या विमानात पाकिस्तानच्या काही शहरांच्या मार्गावर ससाण्याला केबिनमध्ये बसायला मिळतं. शिकारी ससाण्यांना त्या देशात पासपोर्टही मिळतो. हे ऐकून मुलीने विचारलं, "मॅडम, मखमलला ससाणा म्हणून नेता येणार नाही का?" परीक्षेच्या दिवसांत ती पहिल्यांदा हसताना दिसली.

परदेशी जाणाऱ्या जनावराच्या कागदपत्रांत क्रम महत्त्वाचा असतो आणि आपली माणसं नेमकी तिथे चुकतात. आधी चिप, मग लस. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली बसवतात, आणि तिच्यातला पंधरा आकडी नंबर हीच जनावराची ओळख. चिपच्या आधी दिलेली लस नेमकी याच मांजराला दिली याचा पुरावा राहत नाही, म्हणून ती धरत नाहीत आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. कोकणातल्या पुष्कळ घरांची मुलं इंग्लंडला आणि युरोपात आहेत, त्यांनी तर वेळेचा हिशेब नीट करावा. युरोपीय संघाच्या देशांत भारतातून मांजर न्यायचं तर लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त घ्यायचं, चाचणीत ठरावीक पातळी आली पाहिजे, आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबायचं. व्हिसा पंधरा दिवसांत येतो, मांजराचे कागद चार-पाच महिने घेतात. इंग्लंडलाही विमानाने आलेलं पाळीव जनावर कार्गोतूनच उतरतं.

इथून निघताना केंद्र सरकारच्या पशु संगरोध आणि प्रमाणन सेवेचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. या खात्याची केंद्रं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद इथे आहेत. परत आणायचं झालं तर त्याच खात्याची ना-हरकत हवी, आणि तीही आधी मिळवलेली. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून आपले विद्यार्थी परत येत होते तेव्हा यातलं काही शक्यच नव्हतं. डोक्यावर बॉम्ब पडत असताना काही मुलं कुत्रं-मांजर टाकून विमानात बसायला तयार होईनात. शेवटी सरकारने त्या वेळेपुरती अटींत सवलत दिली आणि छातीशी जनावरं धरलेली मुलं आपण टीव्हीवर उतरताना पाहिली. मुलीच्या आईने मला हीच आठवण करून दिली. "मॅडम, ती लढाईतून घेऊन आली. आम्ही तर आरामात चाललोय."

आपल्याकडे कायदाही आहे, पण तो कोणी वाचत नाही. १९७८ चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम आहेत, त्यांत कुत्र्या-मांजरांसाठी वेगळा भाग आहे. पशुवैद्याचं प्रमाणपत्र हवं. लांबच्या प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यायचं. परदेशी विमान प्रवासात जनावर दाब राखलेल्या आणि तापमान सांभाळलेल्या कप्प्यातच ठेवायचं. काउंटरवर कोणी हुज्जत घातली तर या नियमांचं नुसतं नाव घेतलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

पिंजऱ्याचं गणित मात्र मी वर्गात फळ्यावर घातलं. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचं, म्हणजे आयाटाचं, माप ठरलेलं आहे. जनावराला आत उभं राहता, बसता, पाय पसरून निजता आणि वळता आलं पाहिजे. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर अधिक पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग. रुंदी म्हणजे खांद्यांच्या रुंदीची दुप्पट. उंची म्हणजे उभं असताना कानाच्या टोकापर्यंत. मुलीने घरून मापं आणली होती, ४५, १६, १४ आणि ३० सेंटिमीटर. वर्गाने हिशेब केला, पिंजरा ५३ लांब, २८ रुंद, ३० उंच. मग मी सांगितलं की चपट्या नाकाला दहा टक्के जास्त द्यायचे. ५८, ३१, ३३. शतमान शिकवायला यापेक्षा बरं उदाहरण मला वीस वर्षांत सापडलं नव्हतं. खाली अंथरी घालायची, तिची जाडी उंचीत धरायची की नाही, यावर पाच मिनिटं वाद झाला. धरायचीच.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. पिंजऱ्याचे वरचे आणि खालचे भाग प्लास्टिकच्या खटक्यांनी नव्हे, धातूच्या बोल्टांनी जोडलेले हवेत. दाराला कुलूप लावू नये, गरज पडली तर कर्मचाऱ्याला उघडता आलं पाहिजे. हवेची जाळी परदेशी प्रवासासाठी चारही बाजूंना लागते. पाण्याची वाटी दार न उघडता बाहेरून भरता येईल अशी. आत गवत-पेंढा नको, पुष्कळ देश तो उतरू देत नाहीत. जुना टॉवेल बरा, आणि त्याहून बरी घरच्या कोणाची तरी वापरलेली, न धुतलेली ओढणी. मांजराला वासावरून घर कळतं. आणि ती झोपेची गोळी! आयाटाही नको म्हणते, अमेरिकेतली पशुवैद्यांची संघटनाही नको म्हणते. गुंगीत रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळलं जात नाही, तोल जातो, आणि पिंजरा हलला की जनावर स्वतःला सावरू शकत नाही. बिल्लूची नखं का तुटली असावीत याचा अंदाज मला हे वाचल्यावर आला. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. हा अंक तिच्या घरीही जातो, त्यामुळे आता कळेलच.

देशातल्या देशात जायचं असेल तर रेल्वेचाही विचार करावा. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात अख्खं कूपे आपल्या नावावर असेल तर जनावर सोबत नेता येतं. वेळ जास्त, पैसाही लागतो, पण बारा तास ते तुमच्या डोळ्यांसमोर असतं.

माझ्या सासूबाईंना हे सगळं प्रकरण पटत नव्हतं. मांजराला कोंडून, उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या प्रत्येक घरात लहानपणीच ऐकवली जाते. त्या म्हणाल्या, "पिंजऱ्यात घालून सामानात टाकायचं, हा जुलूम नाही तर काय?" मी म्हटलं, अम्मी, त्या बाईचा गुन्हा दोन्ही बाजूंनी होता. तिने खायलाही दिलं नाही आणि स्वतः शोधून खायलाही सोडलं नाही. मखमल तीन वर्षं ताटलीत खाते. तिला उंदीर दाखवला तर ती पलंगावर चढून बसते. तिला बिल्डिंगखाली सोडणं म्हणजे दार उघडं ठेवून कोंडणंच आहे. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या की हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना ते नावच मांजरामुळे मिळालं होतं, ते आपलं पिल्लू असं टाकून गेले असते का? तेव्हापासून त्या आमच्या बाजूच्या झाल्या, आणि दुबईच्या व्हिडिओ कॉलवर सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असे. होय, तोपर्यंत आमचं घरही त्या कॉलवर जाऊ लागलं होतं.

आमच्या लहानपणी आजारी जनावर म्हटलं की परळचं 'बैलघोडा हॉस्पिटल', म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, एवढंच माहीत होतं. आता उपनगरांत ठिकठिकाणी पशुवैद्य आहेत. परीक्षा संपल्यावर आम्ही तिघी मखमलला घेऊन घाटकोपरमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिचं नाक पाहिलं, छातीवर नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मुलीकडे वळून तिलाच सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. "मे-जूनमध्ये नाही. इथेही उकाडा, तिथे उतरल्यावर चाळीसच्या वर. आज चिप बसवू, लस देऊ, वेळ आली की रक्त घेऊ. डिसेंबरमध्ये रात्रीच्या थेट विमानाने गेली तर मी प्रमाणपत्रावर सही करेन. जूनमध्ये नेणार असाल तर दुसरा डॉक्टर शोधा."

मुलगी रडली. मग तिने विचारलं, "सहा महिने ती कुठे राहील?"

तिची नानी विक्रोळी पार्कसाइटला राहते. नानीला मांजरं आवडत नाहीत. नमाजच्या चटईवर केस पडतात ही तिची तक्रार जुनी आहे. त्या रात्रीचा कॉल दीड तास चालला असं दुसऱ्या दिवशी कळलं. अब्बू शेवटी इतकंच म्हणाले की पिंजऱ्याचे पैसे ते पाठवतील, पण माप त्यांना स्वतः तपासायचं आहे. एसीच्या कामात मापाची चूक त्यांना खपत नाही. त्यांनी तिथून कागदावर आकृती काढून पाठवली. त्यात अंथरीची जाडी दोन सेंटिमीटर वेगळी धरलेली होती.

मायलेकरं जूनमध्ये गेली. मखमल नानीकडे आहे. ५८ बाय ३१ बाय ३३ चा पिंजरा, दार काढून, नानीच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली ठेवला आहे, म्हणजे सहा महिन्यांत मखमलला तो आपलाच वाटावा. सुरुवातीला नानी त्यात खाऊ ठेवायची आणि मखमल मान लांब करून खाऊ तेवढा काढून घ्यायची. ऑगस्टपासून ती दुपारी त्यात झोपते. अंथरीवर मुलीची शाळेची जुनी ओढणी आहे. केसांचं म्हणाल तर नानीने चटईसाठी लोखंडी कपाटावर जागा केली आहे. ती रोज रात्री साडेनऊला मोबाइल पिंजऱ्यासमोर धरते, आणि दुबईहून धाकटा भाऊ विचारतो की मखमल जाड झाली का, कारण जाड झाली तर माप पुन्हा घ्यावं लागेल.